विमलाबाईंची चटणी

विमलाबाईंनी लग्नानंतर पहिली चटणी केली, तेव्हा अंबादासरावांनी ती बोटाच्या टोकावर घेतली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि कोर्टात निकाल सांगावा तसं म्हणाले, "हां. बरी हाय. पर आईची न्हाय."

त्यानंतर दरवर्षी चटणी बदलत गेली. कधी ब्याडगी मिरची जास्त पडली, कधी संकेश्वरी. कधी खोबरं तांबूस भाजलं, कधी पार काळं. एका उन्हाळ्यात तर विमलाबाईंनी रागाच्या भरात लसूण दुप्पट घातला. वाक्य तेवढं बदललं नाही. पोरगी झाली, तिचं बारसं झालं, ती बालवाडीतून हायस्कुलात गेली, घरातला पंप मारायचा स्टो जाऊन गॅसची शेगडी आली. वाक्य जिथल्या तिथं. बरी हाय, पर आईची न्हाय.

परगावच्या माणसाला वाटेल, एवढ्याशा चटणीचं काय एवढं? त्यांची चटणी म्हणजे ओल्या खोबऱ्याची किंवा पुदिन्याची, ताटाच्या डाव्या कडेला चोरासारखी बसणारी. कोल्हापूरची चटणी डावं-उजवं बघत नाही. ती आमटीत असते, भाजीत असते, मटणात असते, आणि काहीच नसेल तेव्हा तेल घालून भाकरीवर असते. उन्हाळ्यात वर्षाची एकदाच करून ठेवायची. सून कशी आहे हे विचारायचं असेल तर शहाणी माणसं तिच्या चटणीची चौकशी करतात. बाकीचं आपोआप कळतं. आणि ती एकदा बिघडली की वर्षभर रोज दोन वेळा बिघडते.

त्यात विमलाबाईंच्या नशिबी नवरा आला तो जिभेवर पोट भरणारा. अंबादास सरनाईक शाहूपुरीत एका गुळाच्या अडत दुकानात होते. सौद्याच्या दिवशी रव्यांची, म्हणजे गुळाच्या ढेपांची, थप्पी लागली की मालक त्यांना पुढं करायचा. अंबादासराव रव्याचा टवका काढून जिभेवर ठेवत, डोळे मिटत, आणि भोवतीचे हमाल, शेतकरी, व्यापारी श्वास रोखून उभे राहत. मग डोळे उघडून ते म्हणत, "ऊस खारवट रानातला हाय," किंवा "पावण्यांनी चुलवाणाला जाळ जास्त दिला," आणि पावणं खाली मान घालून कबूल करीत. त्या जिभेला बाजारात मान होता. तीच जीभ संध्याकाळी घरी येई आणि पाटावर बसे.

जिभेची काळजीही तशीच. बाहेरचं खायचं नाही, दुसऱ्याच्या घरचं तिखट जिभेला लावायचं नाही. "हात बिघडला तर चालतंय," ते म्हणत, "जीभ बिघडली तर संसार बिघडंल." शेजारच्या इलाहीभाईंकडं ईदेला जात तेव्हाही शीरखुर्मा तेवढा दोन वाट्या ओरपून येत, मटणाला हात जोडत.

सासूबाई लग्नाआधीच वारल्या होत्या. विमलाबाईंनी त्यांना पाहिलं ते भिंतीवरच्या फोटोत. नाकात नथ, कपाळाला मोठं कुंकू आणि चेहऱ्यावर 'बरी हाय' असा भाव. जित्या सासूशी भांडता येतं, तिच्या पाठीमागं तोंड वाकडं करता येतं, तिची चटणी चोरून चाखून बघता येते. फोटोतल्या सासूपुढं काय करायचं? नुसता हार घालायचा.

"आवो, पर त्या घालत हुत्या काय काय, ते तरी सांगा," विमलाबाईंनी एकदा विचारलं होतं.

"ते मला काय ठावं? बरणीत असायची."

"करताना बघितलासा न्हवं कधी?"

"मी तवा शाळंत जात हुतो. शाळा सोडून चटणी बघत बसू?"

"शाळंत जाऊन तरी काय बघितलासा?" असं विमलाबाई म्हणाल्या, पण कढईला म्हणाल्या.

त्या वर्षीचा उन्हाळा आला. बहात्तरचा दुष्काळ मागं पडून दोनेक वर्षं झाली होती आणि मिरची पुन्हा माणसात आली होती. विमलाबाई आणि शेजारच्या खैरुनबी नेहमीप्रमाणं जोडीनं कामाला लागल्या. खैरुनबी म्हणजे इलाहीभाईंची बायको. इलाहीभाईंचं कोपऱ्यावर सायकलचं दुकान. तासावर सायकल भाड्यानं द्यायची, पंक्चर काढायचं आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून बोलायचं. दोन्ही घरांच्या मधली भिंत एकच. हिच्या घरात पातेलं पडलं की तिच्या घरात मूल दचकायचं.

दोघींनी एकाच माडीवर मिरच्या वाळवल्या, एकाच सावलीत बसून देठं खुडली. मसाला मात्र ज्याचा त्याचा, आपापल्या चुलीवर, दार लावून भाजला. मैत्री मैत्रीच्या जागी. मग आपापले वनस्पती तुपाचे डबे भरून दोघी डंकावर निघाल्या. डबे दोन्ही सारखे, दोन्हीवर तेच हिरवं झाड. ओळख पटावी म्हणून विमलाबाईंनी डब्याच्या कडीला पिवळं फडकं बांधलं, खैरुनबींनी पांढरं.

डंक म्हणजे पत्र्याच्या शेडमधला गोंधळ. लोखंडी मुसळं धडाम धडाम वरखाली होतात, तांबडा ढग उठतो, आणि त्या ढगात बायका पदर नाकाला लावून शिंकत, खोकत, रडत एकमेकींच्या सुनांविषयी बोलत असतात. कुणाला खरंच रडायचं असेल तर त्याच्यासारखी जागा नाही. डंकवाले गणपतराव त्या ढगात जन्मभर उभे राहिल्यामुळं नखशिखांत विटकरी झाले होते. लाल भिंतीला टेकले की दिसेनासे होत.

"झालं बघा वैनी, घ्या डबं!" गणपतराव ओरडले.

दोघी डोळे पुसत पुढं गेल्या. दोन डबे शेजारी शेजारी ठेवलेले. दोन्हीच्या कडीला फडकी. आणि दोन्ही फडकी लाल.

"पिवळं कुठलं वं ह्यातलं?" विमलाबाई म्हणाल्या.

"आणि पांढरं कुठाय?" खैरुनबी म्हणाल्या.

"घ्या की कुठलाबी!" गणपतराव म्हणाले. "चटणी ती चटणी."

हे ऐकून दोघींनी त्यांच्याकडं असं बघितलं की गणपतराव भिंतीला टेकले आणि दिसेनासे झाले. विमलाबाईंनी एक फडकं झटकलं. त्यातून उडालेली भुकटी खैरुनबींच्या डोळ्यात गेली. खैरुनबींनी दुसरं झटकलं. ती विमलाबाईंच्या डोळ्यात गेली. शेवटी दोन आंधळ्या बायकांनी वजनाच्या अंदाजानं एकेक डबा उचलला आणि एकमेकींचा हात धरून घर गाठलं.

घरी विमलाबाईंनी डोळ्यांवर दुधाच्या घड्या ठेवल्या आणि त्या जरा आडव्या झाल्या. तोवर प्रमोदिनीनं, म्हणजे पमीनं, चटणी बरणीत भरून वर हिंगाचा खडाही ठेवला. संध्याकाळ झाली. अंबादासराव यायची वेळ. विमलाबाईंनी गडबडीनं मसुराच्या आमटीला फोडणी दिली, बरणीतली चटणी घातली, आणि तेलावर जो कट आला तो बघून त्यांच्या हातातला डाव हातातच राहिला. त्यांच्या चटणीचा कट असायचा काळसर, गंभीर. हा आला लालभडक, नव्या नवरीच्या शालूसारखा.

"अगं बया! ही आपली न्हवं!"

पदर सारखा करून त्या दाराकडं निघाल्या, तोवर दारात चपला वाजल्या, हात-पाय धुतल्याचा आवाज झाला आणि अंबादासराव पाटावर येऊन बसले. आता ताट मागं ओढता येईना. नव्या चटणीचा पहिला दिवस म्हणून ते मान ताठ करून बसले होते. निकालाचं वाक्य तोंडात तयार होतं.

त्यांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला, तोंडात टाकला, डोळे मिटले.

आणि ते डोळे उघडेनात.

"आण्णा?" पमी म्हणाली. "ठसका लागला काय?"

अंबादासरावांनी डोळे उघडले तेव्हा ते ओले होते. तिखटानं असतील किंवा कशानं. ते हळूच म्हणाले, "आईची."

"काय म्हणालासा?"

"अगं, आईची हाय ही! आईची!" ते उष्ट्या हातानं उठले, फोटोपुढं जाऊन उभे राहिले, हात जोडायला गेले, हात उष्टा आहे हे ध्यानात आलं, म्हणून एकाच हातानं मुजरा केला आणि परत येऊन बसले. "जमली बघ तुला! इतक्या वर्षांनी जमली!"

"आवो, पर मी काय म्हणती..."

"काय म्हणू नगंस. जेवू दे."

विमलाबाईंनी दुसरी भाकरी वाढली. जे वाक्य ऐकायला त्यांनी तारुण्य मिरचीच्या धुरात घालवलं, ते वाक्य अखेर आलं होतं. नुसतं पत्ता चुकून आलं होतं.

दुसऱ्या दिवशी परसातल्या बुटक्या भिंतीशी त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाबी, डबा बदलला."

"मला ठावं हाय," पलीकडून खैरुनबी म्हणाल्या.

"मग आणून का दिला न्हाईसा?"

"कसा आणू? आमचं हे रातच्याला दुप्पट जेवलं. वर मला म्हणत्यात, 'खैरून, इतकी वरसं ही अक्कल कुठं गहाण ठेवली हुतीस?' सांगा वैनी, आता हसू का भांडू?"

दोघी हसल्या. भिंतीला धरून, पदर तोंडात कोंबून हसल्या. खैरुनबींचं हसू बराच वेळ चाललं. विमलाबाईंचं मध्येच थांबलं.

"काय झालं वं?"

"काय न्हाय."

"आता तोंड पाडायला काय झालं? तुमच्या चटणीचं कौतुक झालं की."

"माझ्या घरात कुठं झालं भाबी? तुमच्या घरात झालं." विमलाबाई भिंतीवरचा चुना नखानं खरवडत म्हणाल्या. "मला एकदा, एकदाच, त्यांच्या तोंडनं ऐकायचं हाय. माझीला. माझी म्हणून."

 खैरुनबींनी भिंतीवरून चार शेवग्याच्या शेंगा दिल्या. शेजारधर्मात ज्याला उत्तर नसतं त्याला शेंगा असतात. ठरलं असं की डबे संपेपर्यंत दोघींनी तोंड बंद ठेवायचं. खाणारे खूश आहेत, खाऊ द्या.

पण खूश माणूस गप्प बसत नाही, हाच तर त्रास. अंबादासरावांनी आधी दुकानात सांगितलं, मग बाजारात, मग बाजारात आलेल्या कागलच्या आणि राधानगरीच्या शेतकऱ्यांना. गुळाचा टवका तोंडात असतानाही ते चटणीविषयी बोलू लागले. आणि घरी येऊन श्रेय घेऊ लागले.

"मी दरवर्षी टोचत ऱ्हायलो म्हणून तू शिकलीस," ते म्हणाले. "लई गोड बोललं की माणूस बिघडतंय. गुळाचंबी तसंच."

विमलाबाईंनी झाकण असं आपटलं की भिंतीपलीकडं मूल दचकलं.

"आता हाच हात ठेव. हलू देऊ नगंस. पमीलाबी शिकव. लगीन होऊन जाईल तवा सासरी आईचं नाव निघालं पायजे."

"कुठल्या आईचं?" पमीनं विचारलं. तिला सगळं ठाऊक होतं. परसातली भिंत तिलाही ऐकू यायची.

"माझ्या आईचं, आणि कुणाचं?"

पमीनं आईकडं बघितलं. आई भाकरी थापत होती. ती भाकरी त्या दिवशी फार पातळ झाली.

असं चाललं असताना इलाहीभाईंच्या आई, कुलसुमबी, तापानं आजारी पडल्या. ताप उतरला पण तोंडाची चव गेली. अंबादासरावांना त्या खाला, म्हणजे मावशीच. लहानपणी त्यांच्याच बाजेवर ते खेळले होते. रविवारी सकाळी ते आंघोळ करून आले आणि म्हणाले, "एका वाटीत चटणी दे बघू. वर तेल घाल."

"कशाला?"

"खालाच्या तोंडाला चव न्हाय म्हणं. आईची चटणी घेऊन जातो. दोघी मैतरणी हुत्या. चाखली की उठून बसंल म्हातारी."

विमलाबाईंनी बरणीवर हात ठेवला. "आवो, त्यांच्यात चटणी हाय की त्यांची!"

"असंल. पर आईची कुठं हाय?"

त्यांनी स्वतःच बरणीतून वाटी भरली आणि निघाले. ज्या घरातून ती चटणी आली होती त्याच घरी ती वाजतगाजत परत चालली होती. विमलाबाई चप्पल न घालताच मागं धावल्या. पमी त्यांच्या मागं. अशी मजा रोज थोडीच होते!

कुलसुमबी पुढच्या सोप्यात बाजेवर उशीला टेकून बसल्या होत्या. खाली पाटावर इलाहीभाई भाकरी आणि तेल-चटणी खात होते. काळसर, गंभीर चटणी. विमलाबाईंनी ती लांबूनच ओळखली. माहेरच्या माणसासारखी.

"या या अंबादासराव, बसा!" इलाहीभाई म्हणाले. "आवो, ह्या वर्षी आमच्या खैरूननं काय चटणी केलीया म्हणून सांगू!"

"असंल असंल," अंबादासराव उदारपणानं म्हणाले. "खाला, ही चाख."

खैरुनबी स्वयंपाकघराच्या दारात आल्या, वाटी बघितली आणि विमलाबाईंकडं बघून कपाळावर हात मारला.

कुलसुमबींनी बोट वाटीत बुडवलं, तोंडात घातलं आणि चोखलं. सगळे बघत राहिले. म्हातारीच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड आला.

"या अल्ला," त्या म्हणाल्या. "खैरून, आज कुठनं काढलीस गं ही? हीच तर आपली. रोज देतीस ती दुसऱ्याच कुणाची तरी हाय. चांगली हाय, लई चांगली हाय, पर आपली न्हवं. मी म्हटलं, सून काय तरी नवीन शिकली, कायको बोलनेका."

इलाहीभाईंचा घास हातात राहिला. अंबादासराव हसले.

"न्हाय खाला. तापानं जीभ गेलीया तुझी. ही आमची हाय."

"तुमची?"

"आईची."

"कुणाच्या आईची?"

"माझ्या! माझ्या आईच्या हातची जशी असायची, तशीच्या तशी."

कुलसुमबींनी अंबादासरावांकडं बघितलं, वाटीकडं बघितलं, दारात अनवाणी उभ्या असलेल्या विमलाबाईंकडं बघितलं. मग त्यांना हसू फुटलं. दात नसलेलं, अंग हलवणारं हसू. बाज करकरायला लागली. खैरुनबी पाणी घेऊन धावल्या.

"अरे अंबू," कुलसुमबी डोळे पुसत म्हणाल्या, "तुझी आई मिरचीच्या वाऱ्याला उभी ऱ्हात नव्हती रे! नुसतं देठ खुडलं तर शिंकून शिंकून जीव जायचा तिचा. एकदा डंकावर गेलती, तिथंच चक्कर येऊन पडली. तिची सासू म्हंजे तुझी आज्जी, ती कसली हुती ठावं हाय न्हवं? सुनंला चटणी जमत न्हाय म्हटल्यावर माघारी धाडली असती म्हायेरी. मग काय करायचं? मी दोन घरची करायची. अंधार पडला की परसातल्या भिंतीवरनं डबा द्यायची. जनमभर तू जी खाल्लीस ती ह्या हातची रे."

 कोपऱ्यावरच्या हॉटेलातला रेडिओ ऐकू येऊ लागला.

"आणि आई?" अंबादासराव कसेबसे म्हणाले. "आई काय करायची मग?"

"शेवया! केसासारख्या बारीक शेवया करून द्यायची मला ईदेला. पयल्यापास्नं हिसाब बराबर. तिनं माझ्याकडनं वचन घेतलंतं, अंबूला सांगू नगंस म्हणून."

"मग आज का सांगितलंस?"

कुलसुमबींचं हसू थांबलं. त्यांनी मधल्या भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. "भिंत एकच हाय रे. दरवर्षी ऐकती मी. 'बरी हाय, पर आईची न्हाय.' पयल्या वर्षी म्हटलं, नवीन हाय, जाऊ दे. मग म्हटलं, सवय हाय, जाऊ दे. आता बास की! तुझी आई असती तर तिनंच उलथणं घातलं असतं तुझ्या डोस्क्यात. तिला कधी चटणी जमली न्हाय, आणि तिच्या नावानं ह्या पोरीला छळतोस व्हय रे?"

विमलाबाईंनी पदराचं टोक दातात धरलं. 'ह्या पोरीला' असं त्यांना कुणी म्हटलं त्याला जमाना झाला होता.

अंबादासराव मटकन इलाहीभाईंच्या शेजारी बसले. बाजारात खारवट गुळाचा शेतकरी जसा मान घालून बसतो, अगदी तसे.

इलाहीभाईंना त्यांची दया आली. पाठीवर हात ठेवून ते म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. तुमची जीभ खरीच निघाली की. कितीतरी वर्षांनी पयल्या घासाला वळखलं! माणूस तेवढा चुकला."

"म्हंजे..." अंबादासरावांनी मान वर केली. हिशेब हळूहळू लागत होता. "म्हंजे आमच्या बरणीत तुमची. मग आमची कुठाय?"

 खैरुनबींनी नुसतं हनुवटीनं आपल्या नवऱ्याच्या ताटाकडं दाखवलं. इलाहीभाईंनी आपल्या ताटाकडं बघितलं, मग बायकोकडं, मग विमलाबाईंकडं. "आयला," ते म्हणाले, "ही वैनींची?"

"चाख," कुलसुमबींनी अंबादासरावांना हुकूम केला. "आईला घरात ठेवून ये आणि मग चाख. गूळ चाखतोस तशी."

अंबादासरावांनी धोतराला हात पुसला. इलाहीभाईंच्या ताटातली चिमूटभर चटणी उचलली आणि जिभेवर ठेवली. डोळे मिटले. विमलाबाईंना वाटलं, आपण इथून निघून जावं. पायांना ते पटलं नाही. पाय तिथंच उभे राहिले.

संसाराच्या इतक्या वर्षांत अंबादासरावांनी ही चटणी रोज दोन वेळा खाल्ली होती आणि एकदाही चाखली नव्हती. मध्ये नेहमी दुसरीच चव उभी असायची, वाट अडवून. आज ती बाजूला झाली आणि आधी खोबरं आलं, खरपूस, जळण्याच्या एक पाऊल अलीकडं थांबवलेलं. मग लसूण. मग तीळ. मिरची सगळ्यात शेवटी, घाई न करता, आणि आली ती बसलीच.

त्यांनी डोळे उघडले. सगळे निकालाची वाट बघत होते.  अंबादासरावांनी इलाहीभाईंच्या ताटातला भाकरीचा तुकडा मोडला आणि पुन्हा चटणीकडं हात नेला.

इलाहीभाईंनी ताट मागं ओढलं.

"आवो, चाखून झालं न्हवं?"

"अजून नीट कळलं न्हाय."

"कळाय काय ऱ्हायलंय त्यात? गप आपली वाटी घ्या आणि जावा घरी."

"डबा कुठाय?" अंबादासराव म्हणाले.

"कसला डबा?"

"आमचा! आमच्या चटणीचा डबा! द्या हिकडं. तुमचा तुमी घेऊन जावा."

"वा रं वा! इतकी वरसं तुमाला बरी हाय, बरी हाय, आणि आज एकदम डबा? मी न्हाय देणार."

"न्हाय देणार म्हंजे? गणपतरावाच्या डंकावर बदललाय त्यो!"

"मग गणपतरावास्नी जाऊन इचारा. माझ्या घरात आलाय, माझ्या बायकूनं बरणीत भरलाय, मी खाल्लाय!"

"आरं, माझ्या बायकूची चटणी हाय ती!"

हे वाक्य अंबादासराव उभे राहून म्हणाले आणि बाजारात शेवटची बोली पुकारतात त्या आवाजात म्हणाले. समोरच्या माडीवर कृष्णात वाण्याची खिडकी उघडली. नळावरच्या बायकांनी घागरी भरायच्या थांबवल्या. कुलसुमबींनी समाधानानं उशीला पाठ टेकली आणि वाटीत बोट घातलं.

"असंल तुमच्या बायकूची!" इलाहीभाई ताट छातीशी धरून उठले. "मला ह्या वर्षी जेवाण गोड लागाय लागलंय. अर्धीबी देणार न्हाय!"

"अर्धी कशाला? सगळीच्या सगळी घेणार! असली चटणी शाहूपुरीत काय, अख्ख्या कोल्हापुरात न्हाय. तुमी काय फुकट वरपताय व्हय?"

"बघा बघा, आता अख्ख्या कोल्हापुरात न्हाय म्हणं!" इलाहीभाई ओरडले.

दोघं ताटाच्या दोन कडांना धरून सोप्यात गोल फिरू लागले. पमी पायरीवर ऐसपैस बसली होती. खैरुनबी घाबऱ्याघुबऱ्या होऊन विमलाबाईंपाशी आल्या आणि त्यांचा दंड हलवून म्हणाल्या, "वैनी, काय तरी बोला की! ताट पालथं हुईल, मारामारी हुईल. सोडवा त्यास्नी!"

विमलाबाईंनी दाराच्या चौकटीला पाठ टेकली. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही. इथं कुणी विचारलं असतं तर चटणीवर ढकलता आलं असतं.

"थांबा वं भाबी," त्या म्हणाल्या. "भांडू द्या जरा."